चाकांचा रंग आणि नाकावरचा रुमाल

गाडीच्या चाकांना घरच्या घरी रंग देणे हा काही अग्रलेखाचा विषय नव्हे. पण कुटुंबाच्या पानावर त्याला जागा मिळायला हरकत नाही, कारण आता आपल्या वस्त्यांतूनही, जुनी का होईना, चारचाकी दिसू लागली आहे. ती बहुधा कर्जाची असते. हप्ता भरल्यावर हातात फारसे काही उरत नाही, आणि गाडी चारचौघांत चांगली दिसावी असे तर सगळ्यांनाच वाटते.

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी सेकंडहँड अल्टो घेतली. आमच्या घराण्यातली ही पहिली चारचाकी. आमच्या वडिलांनी सायकलसुद्धा हप्त्याने घेतली होती, त्यामुळे या गाडीचे कौतुक किती झाले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे. इंजिन ठीक, पत्रा ठीक, पण चाके पाहवत नव्हती. कल्याणचा पावसाळा लोखंडाला सोडत नाही. रिमवर गंजाचे पापुद्रे आले होते. शेजारच्या एकाने "गाडी नवरदेवासारखी आणि पायात फाटक्या चपला" असे म्हटले, ते आमच्या आईच्या मनाला फार लागले.

पेंटरने पाच चाकांचे, म्हणजे स्टेपनी धरून, साडेतीन हजार सांगितले. पुतण्या वायरिंगची कामे करतो, हाताला कसब आहे. तो म्हणाला, "काका, स्प्रेचे डबे आणून आपणच मारू." मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. खर्चाचा अंदाजपत्रक कागद माझ्याकडे आला. प्राइमरचे दोन डबे पाचशे, सिल्व्हरचे तीन साडेसातशे, वरून मारायच्या लॅकरचे दोन पाचशे वीस, पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश दीडशे, थिनर ऐंशी, चिकटपट्टी नव्वद. बेरीज दोन हजार नव्वद. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली : कार्बनचे फिल्टर असलेला मास्क, चारशे साठ.

वाद झाला तो या एका ओळीवरून. पुतण्याचे म्हणणे, "रुमाल बांधतो की! गॅरेजमधली पोरे काय मास्क लावतात?" लावत नाहीत, हे खरेच आहे. आमच्या मंडळाच्या कामानिमित्त मी अशा गॅरेजांतून पुष्कळ फिरलो आहे. सतरा-अठरा वर्षांची मुले, पत्र्याची बंदिस्त शेड, नाकावर फडके, आणि संध्याकाळी नाक शिंकरले की चंदेरी रंग बाहेर येतो. त्यातला एक डोके दुखते म्हणून रोज गोळी घेत असे. मालक सांगे, सवय होते. अशा दोन-तीन पोरांच्या शेडमध्ये तपासणीला कोणी येत नाही.

रुमालाने रंगाचे मोठे कण थोडेफार अडतात. थिनरमधली टोल्युइन, झायलीनसारखी द्रव्ये वाफेच्या रूपात असतात, ती कापडातून सरळ आत जातात. डोके दुखणे, गरगरणे हा त्यांचाच परिणाम. कोविडच्या काळातले कापडी मास्कही इथे निरुपयोगी. वाफ अडवायची तर कोळशाचे म्हणजे कार्बनचे फिल्टरच लागते. शिवाय पेंटरकडे हार्डनर मिसळून मारायचा एक पक्का रंग असतो, त्याला टू-के म्हणतात. तो चकचकीत आणि टिकाऊ खरा, पण त्यात आयसोसायनेट असते, त्याने दमा जडू शकतो. तो घरी मारण्याचा विचारच करू नये.

जुन्या रंगाचेही असेच. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण तो घरच्या रंगांपुरता. रिमवरच्या जुन्या थरात काय आहे ते आपण सांगू शकत नाही. म्हणून पेपर पाण्यात भिजवूनच घासावे, धूळ उडू देऊ नये आणि घासताना लहान मुलांना लांब ठेवावे. ब्रेकची काळी धूळही फुंकर मारून उडवायची नाही, पाण्याने धुवायची.

शेवटी ती ओळ कागदावर राहिली. एकूण खर्च दोन हजार साडेपाचशे. बचत साडेनऊशेची. पुतण्या म्हणाला, "एवढ्यासाठी इतका खटाटोप?" आई म्हणाली, "साडेनऊशेला कमी लेखू नकोस, माझे महिन्याचे औषध येते त्यात." तिथे विषय संपला.

आता कामाबद्दल. गाडी जॅकवर दिवसभर उभी ठेवू नये, ते धोक्याचे आहे. आम्ही आधी स्टेपनी रंगवली, वाळल्यावर ती एका चाकाच्या जागी लावली, निघालेले चाक रंगवायला घेतले, आणि असे करत सगळी चाके झाली. गाडी एक दिवसही अडली नाही.

वेळ लागतो तो घासण्यात. साबणाने धुऊन, तारेच्या ब्रशने पापुद्रे काढून, आधी जाड आणि मग बारीक पेपर मारावा. गंज निघाला नाही तर वरचा रंग वर्षभरात फुगून येतो. एका रिमची कड वाकलेली निघाली. तिच्यावर रंग न मारता आधी टायरवाल्याकडे नेली. तडा किंवा बाक रंगाखाली झाकणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ.

टायरवर रंग उडू नये म्हणून रिम आणि टायरच्या फटीत जाड कागद खोचतात. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, तो कामी आला. व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगची वजने चिकटपट्टीने झाकली. नट बसतात त्या खाचा आणि चाक हबला टेकते ती मागची बाजू कोरीच ठेवली, कारण तिथला जाड थर पुढे दबतो आणि नट सैल पडतात.

डबा एक-दोन मिनिटे चांगला हलवावा, वीत-सव्वा वीत लांब धरावा आणि हात सतत फिरता ठेवावा. पहिल्याच चाकावर पुतण्याने एका ठिकाणी हात थांबवला आणि ओघळ आले. वाळू दिले, घासले, पुन्हा मारले. पातळ तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. पावसाळ्यात हे काम काढू नये, दमट हवेत लॅकर पांढुरके पडते. भर उन्हात तापलेल्या लोखंडावरही नको. अ‍ॅलॉयच्या चाकांना मात्र प्राइमर वेगळा लागतो, त्यांना रेड ऑक्साइड चालत नाही.

जागा म्हणून आम्ही विहाराच्या मागचे मोकळे मैदान निवडले, तेही सकाळी लवकर, कुणाच्या गच्चीवर कुरडया वाळत पडायच्या आधी. डब्यात पेट घेणारा वायू असतो, म्हणून जवळपास चूल, विडी, अगरबत्ती काही नको. एकखोलीच्या घरात, जिथे गॅसची शेगडी चार हातांवर असते, तिथे डबा उघडूच नये.

चाक चोवीस तास वाळू दिल्यावर बसवले. नट समोरासमोरचे आवळले आणि पन्नासेक किलोमीटर गाडी फिरल्यावर पुन्हा तपासले. दोन नट पाव वेढा फिरले.

मास्क सध्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाकडे आहे. तो गॅरेजमध्ये कामाला असतो. फिल्टर जुने झाले आहेत. नवी जोडी आणण्यापुरते पैसे मंडळाच्या पेटीतून काढायचे, असे रविवारच्या बैठकीत ठरले आहे.