बुधवार नावाचा टॅग

लोकांनी जपून ठेवलेल्या लिंकांची साइट नव्याने बांधायची ठरली की पहिल्याच बैठकीत रंग, फॉन्ट आणि लोगोवर चर्चा सुरू होते. मी ती बाजूला ठेवायला सांगते आणि जुना डेटा उघडून सगळ्यांसमोर मांडते. अशा साइटचं खरं रूप तिथे असतं.

ही साइट मराठी वाचणाऱ्या काही शे माणसांची. कुणाला चांगला लेख, जुना नकाशा, एखादी पाककृती, न्यायालयाचा निकाल सापडला की त्याची लिंक इथे ठेवायची आणि तिला आपल्या शब्दांत दोन-चार टॅग लावायचे. इतरांना ती दिसते. आवडली तर ते आपले टॅग लावून स्वतःच्या खात्यात घेतात. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेल्या डिलिशस या साइटची ही वाट. काम माझ्याकडे आलं तेव्हा साइट फोनवर धड उघडत नव्हती, शोध कित्येकदा रिकाम्या हाताने परत यायचा आणि ती ज्या सॉफ्टवेअरवर उभी होती त्याची डागडुजी करणारं कुणी उरलं नव्हतं.

टॅगांची यादी वापराच्या उतरत्या क्रमाने लावली. वरती अपेक्षित मंडळी: इतिहास, कविता, आरोग्य, दिवाळी अंक. शेपटाकडे एकेकट्याने लावलेले टॅग: ‘सुनेला पाठव’, ‘दुपारी निवांत’, ‘अण्णांच्या कामाचं’, ‘बुधवार’. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा म्हणाला, “ताई, हे उडवूया? नुसता कचरा साठलाय.”

“बुधवार उघडून बघ,” मी म्हटलं.

आत मोजक्याच लिंका होत्या. एक मुंबईतल्या माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या इतिहासाची, एक माहीम कॉजवेच्या वाहतुकीची, एक चर्चबाहेर मेणबत्त्या आणि फुलं विकणाऱ्यांवरच्या लेखाची. माहीमकराला यापुढे काही सांगावं लागत नाही. बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांची माणसं तिथे येतात, लेडी जमशेटजी रोड तुंबतो आणि त्या दिवशीची कामं आम्ही त्या हिशोबाने लावतो. टॅग लावणाऱ्या बाई शितळादेवीच्या देवळाच्या बाजूला राहतात. चर्च, गर्दी, नवसाच्या मेणाच्या बाहुल्या, खोळंबलेल्या बस हे सगळं त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात आहे आणि त्या कप्प्याचं नाव बुधवार. विषयवारीची कुठलीही शहाणी यादी हे नाव सुचवणार नाही. ‘धर्म’, ‘वाहतूक’ आणि ‘व्यवसाय’ अशा तीन खणांत त्या लिंका वाटून टाकल्या असत्या, तर यादी नीट दिसली असती आणि बाईंना त्यातलं काहीही पुन्हा सापडलं नसतं.

म्हणून मी एक गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवली: माणसाने लावलेला टॅग हे त्याचं अक्षर आहे, त्याला हात लावायचा नाही. हा हळवेपणा नाही. डिलिशसचंच उदाहरण पाहा. २००५ साली ती याहूने घेतली, २०११ साली यूट्यूबच्या संस्थापकांच्या कंपनीने याहूकडून घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या रूपात आणली. तिथे कथाप्रेमींचा मोठा समूह होता. मालिका-कादंबऱ्यांतल्या पात्रांवर लोकांनी लिहिलेल्या कथा ते बारकाईने टॅग करत आणि दोन पात्रांची नावं मध्ये तिरकी रेघ देऊन जोडत. नव्या साइटवर तिरक्या रेघेचे टॅग शोधता येईनात. वर्षानुवर्षांची मेहनत एका चिन्हापायी बंद कुलपाआड गेली. पिनबोर्ड ही छोटी साइट एकहाती चालवणाऱ्या मॅचेय त्सेग्वोव्स्की यांनी या मंडळींना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी एकत्र बसून गरजांचा लांबलचक, मुद्देसूद मसुदाच लिहून दिला. २०१७ साली याच पिनबोर्डने डिलिशस ३५ हजार डॉलरना विकत घेतली. मला ही हकिकत व्यापाराची वाटत नाही. कुणाच्या खुणा कुणी वाचल्या, याची वाटते.

आता याची दुसरी बाजू. हात लावायचा नाही म्हटलं तरी शोध चालला पाहिजे, आणि मराठीत शोध चालवणं हे वेगळंच काम आहे. ‘शेतकऱ्यांची गाणी’ हा टॅग आमच्याकडे दोनदा होता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एकावर क्लिक केलं की काही लिंका, दुसऱ्यावर वेगळ्याच. कारण अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त येतो, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एक अक्षर, यंत्राला दोन निरनिराळे शब्द. ‘ॲप’चंही तेच: कुणाचा ॲ एकसंध असतो, कुणाचा अ वर चंद्र देऊन बनवलेला. युनिकोडचे ठरलेले नियम या जोड्या एक करत नाहीत, ते कोष्टक आपणच करावं लागतं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची भर. आमच्याकडे माहीमही होतं आणि माहिमही.

आणि ‘माहीम’ तरी कुठलं? त्याच टॅगखाली आमच्या किल्ल्याचे फोटो, कोळीवाड्यावरचा लेख आणि पालघरकडच्या केळवे-माहीमच्या सहलीची माहिती शेजारी शेजारी बसली होती. शिवाय इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली महिकावतीची बखर. तिला माहीमची बखरही म्हणतात आणि तिच्यात दोन्हीकडच्या वाचकांना रस. इथे यंत्राने काय ते ठरवावं असं मला वाटेना. उपाय जुन्या ग्रंथालयातून मिळाला. कार्डांच्या खणात एखाद्या नावाच्या कार्डावर पुस्तकाचा तपशील नसायचा, फक्त ‘पाहा’ आणि पुढे दुसरं नाव असायचं. तसं केलं. लिहिणाऱ्याचा टॅग त्याने लिहिला तसाच दिसतो, खाली आम्ही एक अदृश्य ‘पाहा’ जोडतो. माहिम शोधलं की माहीमही येतं. दोन माहीमांच्या बाबतीत मात्र आपोआप काही जोडलं नाही; सभासदांनाच विचारलं आणि त्यांनी हौसेने लिंका वेगळ्या करून दिल्या. बखर दोन्हीकडे राहिली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जुन्या शीर्षकांनी. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरत. तो फॉन्ट संगणकात नसला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसे. त्या काळात साठवलेल्या लिंकांची शीर्षकं डेटामध्ये तशीच पडून होती. ती उलगडायला प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, आणि नुसती अक्षरामागे अक्षर बदलूनही भागत नाही. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. ‘किर्लोस्कर’सारखं नाव सरळ व्हायला दोन्ही नियम लागतात. एकेक शीर्षक उलगडून पडद्यावर यायचं तेव्हा मी हातातलं काम सोडून ते मोठ्याने वाचायची.

मेलेल्या लिंका हे वेगळं दुखणं. पान सापडत नाही असं सरळ सांगणारी साइट प्रामाणिक. काही साइट सगळं ठीक असल्याचं कळवतात आणि मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. त्याहून वाईट म्हणजे मुदत संपलेली नावं. कवितांच्या साइटचं नाव कुणी तरी उचलतं आणि तिथे जुगार सुरू होतो. अशा लिंका मी पुसल्या नाहीत. त्यांच्यापुढे इंटरनेट अर्काइव्हमधली जुनी प्रत मिळाली तिथे ती लावली, नाही तिथे तारीख घालून ‘आता मिळत नाही’ असं लिहिलं. एखादा लेख कधी काळी होता आणि कुणाला तरी तो ठेवावासा वाटला, ही नोंदही मोलाची आहे.

देखाव्याबद्दल थोडक्यात: अक्षर मोठं केलं, ओळींत अंतर वाढवलं, कारण वेलांट्या-उकारांना वरखाली जागा लागते. बाकी रंग जवळपास जुनेच.

साइट एका रात्रीत बदलायची नाही, हेही आधीच ठरवलं होतं. लिंका वाटण्याच्या डिग या साइटने ऑगस्ट २०१० मध्ये नवी आवृत्ती सगळ्यांवर एकदम लादली, नापसंतीचं बटणच काढून टाकलं. चिडलेल्या लोकांनी पहिलं पान रेडिट या प्रतिस्पर्धी साइटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि पुष्कळजण तिकडेच राहिले. आम्ही जुनी आणि नवी काही आठवडे शेजारी चालवली. जुना प्रत्येक पत्ता आज नव्या पानावर पोचतो. कुणी दहा वर्षांपूर्वी पत्रात लिहून पाठवलेला असला तरी.

शेवटचा वाद झाला ‘माझं सगळं उतरवून घ्या’ या बटणावरून. मला ते खात्याच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर हवं होतं. “ताई, लोकांना आत आणतोय आणि दारातच बाहेरची वाट दाखवायची?” मुलाने विचारलं. मी ऐकलं नाही. जे लोकांचं आहे ते त्यांना हवं तेव्हा नेता आलं पाहिजे, आमची साइट उद्या असो वा नसो. नेटस्केप ब्राउझरच्या काळापासून चालत आलेल्या बुकमार्कांच्या साध्या फाइलीत सगळं उतरतं आणि आजही कुठलाही ब्राउझर ती वाचतो. बटण दिसल्यावर बुधवारवाल्या बाईंचा फोन आला. “फाइल उतरवली गं. मुलीलाही पाठवून ठेवलीये. आता मला सांग, केळव्याच्या लिंका वेगळ्या केल्यात ना तुम्ही, मग आपल्या माहीमच्या बाजूला फारच कमी उरलंय. हलव्यावर कुणी धड काही ठेवलेलंच नाही. मी शोधायला घेतलंय.”