अम्मीच्या मनगटासाठी

आमच्या अम्मीला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. ती वेल्ह्याला राहते. आम्हा तिघा भावंडांपैकी एक भोरला, दोघे पुण्यात. तिच्या तब्येतीवर लक्ष राहावे म्हणून यंदा आम्ही वर्गणी काढून मनगटी यंत्र घ्यायचे ठरवले. भोरच्या दुकानदाराने दोन पुढे ठेवली. एक साधा पट्टा : पावले, नाडीचे ठोके आणि झोप मोजणारा, एका चार्जिंगमध्ये आठवडाभर टिकणारा. दुसरे मोठ्या काचेचे घड्याळ. त्याच्या खोक्यावर रक्तदाब होता, ऑक्सिजन होता आणि सुई न टोचता रक्तातली साखरही! किंमत आठशे रुपयांनी जास्त.

धाकटीचे मन घड्याळाकडे. "अम्मीची बोटे टोचून टोचून निबर झालीत," ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण इन्सुलिन किती घ्यायचे ते आकड्यावर ठरते, म्हणून आधी माहिती काढली.

या यंत्रांच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. दर ठोक्याला मनगटातले रक्त कमी-जास्त होते, तसा परत येणारा प्रकाश बदलतो; त्यावरून नाडी कळते. पावले हालचालीवरून मोजली जातात. इथवर ठीक. साखरेचे मात्र तसे नाही. त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजणारे एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन जास्त घेतले, तर काही तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. दंडावर चिकटवायचे सेन्सर वेगळे. त्यांची बारीक तार त्वचेखाली जाते आणि घड्याळ फक्त त्यांचा आकडा दाखवते. रक्तदाबाचेही तसेच. सॅमसंगच्या घड्याळातली ती सोयसुद्धा दर 28 दिवसांनी दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या मोजणीशी जुळवून घ्यावी लागते.

जुलैत तोरण्याखाली पाऊस धरला, वीज गेली आणि मध्यरात्री साखर उतरली, तर खोट्या आकड्याची किंमत कोण मोजणार? आम्ही पट्टा घेतला. उरलेल्या आठशे रुपयांतून ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणल्या.

पट्ट्याचा उपयोग होतो आहे. दहा हजार पावलांचा आग्रह आम्ही धरला नाही. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. अम्मी आधी दिवसाला दोन हजार चालायची, आता चार हजारांवर गेली आहे. वुजू करताना ती पट्टा काढते; पुन्हा घालताना मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट बसेल असा बांधते, कारण सैल पट्टा ठोके चुकवतो.

बोटांच्या दुखण्यावरही उपाय निघाला. टोकाला न टोचता कडेला टोचायचे आणि रोज बोट बदलायचे. रमजानचे रोजे ठेवायचे की नाहीत, हे ती डॉक्टरांना विचारूनच ठरवते. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. आणि साखर 70 च्या खाली गेली, तर रोजा तिथेच सोडावा, असे मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात.

आता इशाच्या नमाजनंतर आम्हा तिघांपैकी ज्याची पाळी असेल तो वेल्ह्याला फोन लावतो. अम्मी आधी साखर सांगते, मग पावले. पावले कमी भरली असतील, तर कारणही तीच सांगते : आज शेजारीण गप्पांना आली होती.