कच्ची घोडी

मोंटानात थंडीभर रँचजवळ सुकं गवत खाऊन राहिलेली गुरं जूनमध्ये डोंगरावरच्या कुरणात नेतात. शेजारच्या रँचवर मी दरवर्षी मदतीला जाते. यंदा वाट्याला आली चार वर्षांची घोडी. खोगिराची सवय झालेली, पण गुरांमध्ये कधीच न गेलेली. पहिली काळी अँगस गाय बघताच ती थरथरायला लागली. माझेही गुडघे आवळले गेले, आणि तिला ते लगेच कळलं. घोड्याला पाठीवर बसलेली माशीसुद्धा कळते, तिथे स्वाराची भीती कशी लपणार?

रँचवाले आजोबा म्हणाले, "लगाम सैल सोड. गायीमागे नुसतं चालू दे तिला."

गायीच्या खांद्यामागून कुणी जवळ आलं की ती पुढे सरकते. गुरं हाकण्यातली ही पहिली गोष्ट. तर गाय सरकली. घोडी थबकली, कान पुढे केले. पुन्हा दोन पावलं, पुन्हा गाय पुढे! एवढं मोठं जनावर आपल्यामुळे हलतंय म्हटल्यावर दहाच मिनिटांत तिची चाल बदलली.

"घाबरू नकोस" म्हणून कुणाची भीती जात नाही हो. ज्याची भीती वाटते, ते आपल्यापुढे दोन पावलं सरकताना एकदा दिसावं लागतं.