उन्हाचा नकाशा

सोलापूरचं ऊन सगळ्यांना सारखंच भाजतं, असं बाहेरगावचे पाहुणे म्हणतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की त्यांना तसं वाटणारच. पण या गावात हयात काढलेल्या माणसाला विचारून पाहा. रेल्वे लाइन्समध्ये, सात रस्त्याच्या अंगाला, जुन्या बंगल्यांवर झाडांची सावली आहे. तिथली दुपार डुलकीची असते. तीच दुपार अशोक चौकापलीकडे, पूर्व भागात, पत्र्याखाली उतरते तेव्हा मागांचा खडखडाट चालू असतो, हवेत कापसाची तुसं तरंगत असतात आणि चादर विणणारा माणूस दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभा असतो. बसायला तिथे जागाच नसते. गाव एकच, पारा एकच. ऊन मात्र ज्याचं त्याचं निराळं.

मी लहानपणापासून हे बघत आलो आणि बरीच वर्षं मला ते निसर्गाचंच देणं वाटत असे. काही भागांत झाडं असतात, काही भागांत नसतात, इतकं साधं. मग गावाचा इतिहास वाचत गेलो, म्हाताऱ्यांशी बोलत गेलो, आणि कळलं की सावलीसुद्धा कोणीतरी वाटलेली असते.

१८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला अजून जुनी मिल म्हणतात. मागोमाग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. गिरणीला सूत लागतं तसे हात लागतात. तेलंगणातून, निजामाच्या मुलखातून, पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागात राहिले. आजही साखर पेठेत, दाजी पेठेत कानावर आधी तेलुगू पडते आणि मग मराठी. आपल्या पायांनी आलेली ही माणसं. पण काही माणसं इथे आणून ठेवली गेली, आणि त्यांची हकिकत सांगितल्याशिवाय सोलापूरचा नकाशा पुरा होत नाही.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा भटक्या जमातींच्या पोटी जन्मणं हाच गुन्हा ठरला. सोलापुरात त्यांच्यासाठी सेटलमेंट उभारली. भोवती काटेरी तारेचं कुंपण आणि आत हजेरी. गिरणीत कामाला जायचं ते परवानगीने आणि परतायचं ते वेळेत. म्हणजे जागा सरकारची, हात कैद्यांचे आणि कापड गिरणीचं. आयुष्यभर वाटा तुडवणाऱ्या माणसांना एका जागी डांबून ठेवणं हीच त्यांची शिक्षा होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. तार गेली, तरी त्या वस्तीचं नाव आजही सेटलमेंटच आहे. तिथल्या पोरानं नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिला की वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात. शंभर वर्षांपूर्वीचा सरकारी हुकूम असा पत्त्यात जिवंत राहतो, आणि याची मला मनापासून चीड येते.

ही वाटणी कोण करतं, याचं उत्तर मला डोरीन मॅसी नावाच्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ बाईंकडे मिळालं. जगात दळणवळण वाढलं म्हणून सगळेच सारखे मोकळे झाले नाहीत, कोणी हलायचं आणि कोणी अडकून पडायचं हे सत्ताच ठरवते, असं त्यांचं म्हणणं. त्यांची मांडणी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे लंडन आलं नाही. पूर्व भागातल्या, घरातच अडकून विडी वळणाऱ्या बायका आल्या.

त्यांचं काम जवळून बघावं. तेंदूची पानं ओल्या फडक्यात मऊ करून ठेवलेली असतात. पत्र्याचं माप ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक आत दुमडायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप, शेजारी तान्हं मूल. बोटं चालत असतात आणि बाई शेजारणीशी बोलतही असते. मजुरी हजार विड्यांवर मिळते. कारखान्यात विड्या तपासून घेतात. नापास झालेल्यांची मजुरी नाही. घरी वळणारी बाईही कामगारच, हे १९६६च्या विडी कामगार कायद्याने मान्य केलं. पण जागा तिची, दिवा तिचा, घरभर पसरलेला तंबाखूचा वासही तिचाच. घराचाच कारखाना झाला आणि भाडं कोणी दिलं नाही.

त्यात नळाला पाणी यायचा दिवस आला की कामाचा खाडा. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यातलं, एकशे सतरा टीएमसी क्षमतेचं. त्याच जिल्ह्यात उसाचे हिरवे पट्टे आहेत आणि साखर कारखान्यांची दाटी आहे. आणि शहराने वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलं. बंगल्यातल्या टाकीला तो खंड जाणवत नाही. एका खोलीत बॅरल ठेवायचा की माणसं झोपवायची, हा प्रश्न पूर्व भागातला.

या बायका गप्प बसल्या नाहीत, हे सोलापूरचं भाग्य. कामगार नेते आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याच्या संघटनेने लढा दिला आणि कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली. २००६ साली ती कामगारांना मिळाली. पुढे शेजारीच तीस हजार घरांचं रे नगर आलं. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलेल्या बाईने स्वतःच्या घराचं कुलूप उघडणं ही लहान गोष्ट नव्हे. ती कोणी दान दिलेली नाही. मोर्च्यांत चपला झिजवून मिळवलेली आहे.

तरीही ही घरं शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्याला आहेत. स्वस्त जमीन लांबच मिळते, आणि ते लांबचं अंतर गरिबाच्याच वाट्याला येतं. त्याचं मोल तो रोज रिक्षाच्या भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत चुकवतो. तेव्हा घर दिलं म्हणजे काम संपलं, असं कोणी समजू नये. पहाटेची पहिली बस कधी सुटते, पाणी कितव्या दिवशी येतं, रात्री कळा सुरू झालेली लेक सिव्हिल हॉस्पिटलला कशी पोचते, हे तिथल्या बायकांना विचारा आणि मगच आराखड्यावर सही करा. सोलापूरची पुढची वस्ती कुठे वसवायची हे ठरवणारी बैठक भरेल, तेव्हा तिच्यात विडी वळणाऱ्या बाईला खुर्ची हवी, आणि बोलण्याची पहिली पाळीही तिचीच हवी.