दुसऱ्या रंगाचा हिशेब

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात डेक बांधायला बसलेला माणूस आधी क्रीचर निवडतो. डेक चढाईचा असेल तर हटकून. दात विचकणारे गॉब्लिन, तलवार उपसलेले शिलेदार यांची रास टेबलावर जमते आणि लँडना उरलीसुरली जागा मिळते. लाल-पांढरा असा दोनरंगी डेक बांधणाऱ्याने मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात करावी, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. आधी वीस लँड मांडाव्यात आणि त्यांना झेपतील तेवढेच शिलेदार नोकरीवर घ्यावेत.

रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ १९९३ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने बाजारात आणला. दोघांकडे २०-२० लाइफ, सुरुवातीला हातात ७ पानं, डेक किमान ६० पानांचा आणि बेसिक लँड सोडल्या तर एका नावाची ४च पानं. दर टर्नला एक लँड उतरवता येते, लँडमधून मॅना मिळतो आणि मॅना खर्चून बाकीची पानं खेळायची.

चढाईच्या डेकचं शास्त्र ज्या डेकवरून सांगितलं जातं, तो दिसायला अगदी दरिद्री होता. १९९६ साली अटलांटातल्या एका प्रो टूर पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू तो घेऊन उतरला आणि दुसरा आला. डेकमागचं डोकं होतं जे श्नायडर यांचं. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क्स होते: दोन मॅनाला २/२ (ताकद/चिवटपणा) क्रीचर आणि वर हा पठ्ठ्या दोन किंवा जास्त ताकदीच्या क्रीचरला अडवायलाच तयार नाही. पण श्नायडर यांचं लक्ष पानाच्या रुबाबाकडे नव्हतं. पहिल्या टर्नला एक मॅना, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि त्यातला एकही वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मॅना कर्व्ह म्हणतात ते हेच.

तो डेक निव्वळ लाल होता. मग पांढऱ्याची भर घालायची कशाला? लालचा मार सरळ असतो, पण समोर चांगल्या जाड कातड्याचं टार्मोगॉइफ उभं राहिलं की तीनचा मार देणारा लायटनिंग बोल्ट हात चोळत बसतो. पांढऱ्यात एका मॅनाचं पाथ टू एक्झाइल आहे. ते कितीही मोठ्या क्रीचरला खेळाबाहेर काढतं, बदल्यात समोरच्याला एक बेसिक लँड मिळते. शिवाय दोन्ही रंग मागणारी पानं आहेत: तीनचा मार देऊन तीन लाइफ परत आणणारं लायटनिंग हेलिक्स (२००५) आणि दोन मॅनात चारचा मार देणारं बोरोस चार्म (२०१३). मोह पडतो तो इथे.

हा मोह किती महाग पडतो, ते एकाच डावात बघता येतं. पहिली चाल आपली आहे. तीन लँड: एक सेक्रेड फाउंड्री, पांढरा मॅना देणारी एक प्लेन्स, लाल देणारी एक माउंटन. फाउंड्री लाल किंवा पांढरा यांपैकी हवा तो मॅना देते, पण ती लगेच वापरायची तर दोन लाइफ मोजावे लागतात. पहिल्या टर्नला फाउंड्री आणि तिच्यावर गॉब्लिन गाइड. तो आल्याआल्या धावतो, २ गेले. दुसऱ्याला प्लेन्स. आता दोन पांढरे मॅना आहेत, म्हणून सॅव्हाना लायन्स आणि इसामारू हे दोन्ही एका दमात उतरतात, गाइड आणखी २ घेतो. तिसऱ्याला माउंटन. तिघे मिळून ६, वर बोल्ट आणि हेलिक्सचे ६. झाले १६. चौथ्या टर्नला चार्मचे ४, डाव खलास. त्या टर्नला चढाई केली नाही तरी चालतं.

आता पानं तीच, फक्त पहिली लँड माउंटन. दुसऱ्या टर्नला पांढरा मॅना एकच, म्हणून लायन्स उतरतात आणि उरलेल्या लाल मॅनावर बोल्ट मारला जातो. इसामारू तिसऱ्या टर्नला, फाउंड्री आल्यावर, हेलिक्सबरोबर येतो. एकही मॅना फुकट गेलेला नाही, तरी तिसऱ्या टर्नअखेर मार १४चाच. चौथ्याला चार्म धरून १८. उरलेल्या दोनासाठी कुणातरी क्रीचरने समोरची फळी फोडायला हवी. ती फुटली नाही, तर समोरच्याचा चौथा टर्न येतो आणि चार मॅनाचं रॅथ ऑफ गॉड टेबलावरची सगळी क्रीचर पुसून टाकतं.

म्हणून लँडचं गणित चुकवता येत नाही. डच खेळाडू आणि गणिताचे अभ्यासक फ्रँक कार्स्टेन यांच्या कोष्टकानुसार पहिल्या टर्नला एखाद्या रंगाचं पान भरवशाने खेळायचं असेल तर साठात त्या रंगाचा मॅना देणाऱ्या १४ लँड हव्यात. चौदा असल्या तर पहिल्या सात पानांत एक तरी येण्याची शक्यता ८६ टक्के. दहावर उतरलं की तीच ७४ टक्के होते. फाउंड्री, इन्स्पायरिंग व्हँटेज आणि बॅटलफील्ड फोर्ज अशा दुहेरी लँड चार-चार घेतल्या, जोडीला ५ माउंटन आणि ३ प्लेन्स, की वीस लँडमध्ये लालचे १७ आणि पांढऱ्याचे १५ धरता येतात. नाइट ऑफ मेडोग्रेनसारखं दुसऱ्या टर्नला दोन पांढरे मॅना मागणारं क्रीचर कितीही देखणं असलं तरी इतक्यावर ते नेमाने उतरत नाही. त्याला नारळ द्यावा.

या हिशेबातून अलगद सुटलेलं एक पान म्हणजे २००८ सालचं फिगर ऑफ डेस्टिनी. त्याला लाल चालतो, पांढराही चालतो. एका मॅनाला १/१ म्हणून येतं, आणखी एक मोजला की २/२, पुढे तीन मोजले की ४/४, आणि डाव लांबलाच तर सहा मॅनात ८/८ होऊन उडायला लागतं. माउंटन आली काय नि प्लेन्स आली काय, त्याचं काही अडत नाही. दोनरंगी डेकसाठी यापेक्षा समंजस क्रीचर क्वचितच छापलं गेलं असेल.

राहता राहिलं रॅथ. बोरोस चार्मचा दुसरा उपयोग इथे होतो: त्या टर्नपुरती आपली सगळी पानं अविनाशी होतात आणि रॅथ पोकळ जातं. पण त्यासाठी समोरच्याच्या टर्नला आपल्याकडे दोन मॅना शिल्लक हवेत, म्हणजे आपल्या चौथ्या टर्नला हात आखडता घ्यायला हवा. समोरच्याचे सहा लाइफ उरलेत, त्याच्याकडे तीन लँड उघड्या आहेत, चौथी येणार की नाही ते ठाऊक नाही, आणि हातात चार्म एकच. तो आत्ता मारावा की राखावा, यावर दोन मुरलेले खेळाडू तासभर वाद घालतात, आणि दोघांनीही आपापल्या डेकमध्ये चार्म पुरते चार घेतलेले असतात.