खरवड

खरवड म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आईचे बासुंदीचे पातेले उभे राहते. त्या पातेल्यावरून भावंडांत होणारी झोंबाझोंबी, आणि उलथन्याने काढलेल्या त्या करपट-गोड पापुद्र्याची चव! या शब्दाला दुसरे काही काम असेल असे मला चाळीस वर्षे वाटले नव्हते. आणि मी तर पोटापाण्यासाठी मराठीच शिकवतो. ते दुसरे काम मला दाखवले माझ्या मेहुण्याने, जालना जिल्ह्यात अंबडच्या बाजूला, कापूस वेचून झालेल्या एका रानात.

मेहुणा गुरांचा डॉक्टर. गेल्या माघात लग्नकार्यासाठी आठवडाभर सासुरवाडीला मुक्काम होता. बायकांच्या याद्यांतून सुटका म्हणून मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. रानात धनगरांचा वाडा उतरला होता. वाघरीत दीडएकशे दख्खनी मेंढ्या, काळ्या-करड्या. त्यांतली एक बाहेर बाभळीच्या खोडाला अंग घासत होती; आणि घासणे म्हणजे तरी कसे? डोळे अर्धवट मिटून, ओठ चाळवीत, कमरेवरची लोकर झडून कातडे लाल होईपर्यंत.

“खरूज,” म्हातारा धनगर म्हणाला.

“खरूजच असणार, बाबा. पण नमुना घेऊन बघू.”

‘नमुना’ शब्द ऐकताच म्हाताऱ्याचा चेहरा मिटला. “नमुना नाय देनार,” एवढेच बोलून तो मेंढरांकडे वळला. आम्ही बांधावर बसून राहिलो. चहा मात्र आला. नमुना नाकारला तरी पाहुणा तसा पाठवायचा नाही!

“खरजेसाठी एवढे कशाला?” मी विचारले.

“दाजी, खाजेला कारणे पुष्कळ असतात,” मेहुणा म्हणाला आणि त्याने मला एका विलायती रोगाची हकीकत सांगितली. नाव स्क्रेपी. मेंढी झाडाकुंपणाला अंग खरडते म्हणून तिकडच्या लोकांनी ठेवलेले. इंग्लंडात १७३२ पासून त्याच्या नोंदी आहेत. हा रोग जंतूचा नाही, विषाणूचाही नाही. अंगातलेच एक प्रथिन वेडेवाकडे दुमडते आणि शेजारच्यांनाही तसेच दुमडायला लावते! स्टॅन्ले प्रुसिनर यांनी १९८२ साली त्याला ‘प्रायॉन’ हे नाव दिले, आणि १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कुमाऊँच्या पहाडी मेंढ्यांत हा रोग आढळल्याचे झ्लॉटनिक आणि कटियार यांनी १९६१ साली लिहिले आहे.

“मग रक्त तपासायचे!” मी शहाणपणा केला.

“तिथेच तर अडते. प्रथिन घरचेच, त्यामुळे शरीराला ते परके वाटतच नाही. विरोध नाही, म्हणून रक्तात विरोधाची खूणही नाही. मेंढी दोन-दोन, पाच-पाच वर्षे धडधाकट दिसते. पूर्वी खात्री करायची तर मेंदू पाहावा लागे. म्हणजे आधी मेंढी मारा, मग तिला काय झाले होते ते सांगा.”

जिवंत मेंढीचा नमुना घ्यायची वाट पुढे सापडली. मेंढीच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. १९९८ साली अमेरिकेत कॅथरीन ओरूर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पापणी तपासायची रीत प्रसिद्ध केली. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालायचे, चिमट्याने पापणी उलटी धरायची आणि आतल्या बाजूचा डाळीएवढा तुकडा कात्रीने उचलायचा. मेंदूच्या आधी तिथे प्रायॉनची खूण सापडू शकते. दुसरी जागा शेपटीखालची आहे. दिवाळी अंकात तिचा विस्तार नको. पण तुकड्यात हवा तो भाग पुरेसा आला नाही तर पुन्हा मेंढी धरावी लागते. आणि काही मेंढ्यांत रोग असूनही तिथे खूण दिसत नाही. खूण दिसली तरी औषध नाहीच.

एवढ्यात म्हातारा परत आला. “सायेब, राग नका धरू. मागं एक जन आला व्हता. धा मेंढ्यांचं रगत नेलं. म्या म्हनलं, काय निघंल ते सांगाल ना? म्हनला, सांगतो की. चार सालं झाली.”

मेहुणा गप्प झाला. त्याच्याहून जास्त गप्प मी झालो. वीसएक वर्षांपूर्वी, एम.ए.ला असताना, मीही असाच एका वाड्यावर वही घेऊन गेलो होतो. एका म्हातारीने मला दोन दिवस शब्द पुरवले. ‘जावळ’ म्हणजे कोकराची पहिली लोकर, हे तिनेच सांगितले. माणसाच्या लेकराला आणि मेंढीच्या लेकराला शब्द एकच! “छापून आलं की मला वाचून दावशील ना?” तिने विचारले होते. “दाखवतो की,” मी म्हणालो होतो. मला गुण चांगले पडले. मी पुन्हा गेलो नाही.

“शनिवारी मी स्वतः सांगायला येतो,” मेहुणा म्हणाला.

“अन् आमी म्होरं गेलो तर?”

“मागोमाग येईन.”

म्हाताऱ्याने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि मेंढीची मान आपल्या गुडघ्यांत धरली. मेहुण्याने लोकर कातरली, पात्यावर तेलाचा थेंब घेतला आणि जिथे चांगले कातडे संपून रोगट सुरू होते तिथे, रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत, खरडत राहिला. “खरवड नीट निघायला हवी, दाजी. वरवर खरडून किडा सापडत नाही.”

किडा सापडला. दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली मीही त्याचे आठ पाय मोजले. शनिवारी वाडा खरोखरच दोन गावे पुढे गेला होता. विचारत विचारत तो गाठायला दुपार झाली. मेहुणा कळपाला इंजेक्शने देत होता तेव्हा म्हातारा मला म्हणाला, “गुर्जी, तुमी कामून आले एवढ्या उन्हात?”

मी त्याला त्या म्हातारीविषयी विचारले. तिचे गाव सांगितले, लेकाचे नाव आठवत होते तेही सांगितले.

“जिती हाय का न्हाई, इचारून बघतो. पन तुमास्नी सांगू कुठं?”

मेहुण्याकडून मी औषधाची एक चिठ्ठी मागून घेतली आणि तिच्या पाठीवर माझा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला.