प्रश्नावलीच्या चौकटीबाहेर

विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारून त्यांच्या अडचणी जाणून घ्याव्यात, ही कल्पना सरळ वाटते. परंतु प्रश्न ज्याच्यासाठी लिहायचा, त्याचे जगणे लिहिणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. जबलपूरच्या सराफ्यात, शाळा सुटलेल्या मुलामुलींच्या वर्गासाठी प्रश्नावली तयार करताना मला याचा प्रत्यय आला. मिळालेल्या उत्तरांवरून वर्गाची वेळ ठरणार होती. म्हणजे कोणाला शिकता येणार आणि कोण मागे राहणार, हेच त्या कागदावर अवलंबून होते.

पहिली अडचण भाषेची होती. कमानिया गेट आणि बडा फुहारा यांच्या परिसरातील या बाजारात व्यवहार हिंदीत चालतो. मात्र १७९८ ते १८१७ या काळात जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते आणि पुढेही नोकरीधंद्यासाठी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. अशा घरातील मूल आजीशी मराठीत बोलते, तर गिऱ्हाइकाशी हिंदीत. ‘तुमची भाषा कोणती?’ या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यावे? २०११ च्या जनगणनेत बालपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती मातृभाषा मानली होती आणि त्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवण्याची सोय होती. आम्हीही एका प्रश्नाचे तीन प्रश्न केले : घरी कोणती भाषा बोलता? कोणती वाचणे सोपे जाते? परीक्षा कोणत्या भाषेतून द्यायची आहे?

दुसरा प्रश्न होता : ‘रोज किती तास काम करता?’ चांदीच्या पैंजणांना झिलई देणारा एक मुलगा म्हणाला, “कोणत्या महिन्यातले तास लिहू?” त्याचे म्हणणे खरे होते. लगनसराईत आणि धनत्रयोदशीच्या सुमारास कारागिराला उसंत नसते. लग्नांचे मुहूर्त नसले की हात रिकामे राहतात. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. दिवसभर धुणी, भांडी आणि धाकट्या भावंडांना सांभाळूनही ‘मी काही काम करत नाही’, असेच त्या सांगत. म्हणून घरकामाचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागला.

तिसरी अडचण भीतीची. बालमजुरीविषयीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, तसेच १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवण्यास मनाई आहे. कायदा मुलांच्या हिताचा आहे. पण हातचे काम जाईल या धास्तीने मूल खरे उत्तर लपवते. आम्ही नाव लिहायचे नाही, असे ठरवले. तरी लहानशा बाजारात वय, गल्ली आणि कामाचा प्रकार एवढे सांगितले, की नाव सांगितल्यासारखेच होते. शेवटी गल्लीचा रकाना काढून टाकला. त्यामुळे कोणत्या भागातून किती जण येतील, हे कळण्याचा मार्ग बंद झाला. पण मुलांचा विश्वास राहिला.

सर्वांत कठीण प्रश्न होता तो अनुपस्थितांचा. वर्गात बसून प्रश्नावली भरणारा वर्गापर्यंत पोहोचलेला असतो. जो येऊच शकत नाही, त्याची अडचण कागदावर उमटत नाही. २००५ मध्ये ‘प्रथम’ संस्थेने सुरू केलेल्या ‘असर’ या सर्वेक्षणात ग्रामीण भागातील घरोघरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासले जाऊ लागले, ते शाळेबाहेरची मुलेही मोजली जावीत म्हणूनच. आम्हीही कारखान्यांच्या दारांशी गेलो. तेथे मालक शेजारी उभा असला, की उत्तरे आखूड होत. मग सुट्टीच्या दिवशी मुलांच्या घरी जाणे हाच उपाय उरला.

उत्तरे जमली, तेव्हा बहुतेकांना सायंकाळची वेळ हवी होती. झिलईचे काम करणारी थोडी मुले मात्र सकाळीच येऊ शकत होती. बहुमताचा नियम लावला असता, तर ज्यांच्यासाठी वर्गाची सर्वाधिक गरज होती, तीच मुले वगळली गेली असती. म्हणून आठवड्यातून दोन दिवस सकाळचा वर्ग ठेवला.

प्रश्नावली आपल्याला किती जण काय म्हणतात, हे सांगते. त्यांतील कोणाची अडचण आधी दूर करायची, याचे उत्तर कोणत्याही रकान्यात सापडत नाही. ते आपल्यालाच द्यावे लागते.